अर्ध्यावरची घागर

मंजुषाने घागर ऐरणीवरून उचलली, अप्पांच्या धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि मागच्या फळीवर नेऊन ठेवली. काल संध्याकाळी तिने ती तिथेच ठेवली होती. परवाही तिथेच. तरी रोज सकाळी ती दुकानात येई तेव्हा घागर उघडी होऊन ऐरणीवर बसलेली असे. शेजारी हातोडा, तोही भलत्याच बाजूला, डावीकडे. झाडलोट करणाऱ्याला एवढंही कळू नये, असं मनाशी म्हणत तिने तो उजवीकडच्या खुंटीला अडकवला.

झाडलोट मलप्पाकाका करत. समोरचं दुकान त्यांचं. दोन्ही दुकानांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला, ही पद्धत तिच्या जन्माआधीची.

घागर अर्धी होती. तळापासून पोटाच्या मध्यापर्यंत अप्पांचे ठोके एकाला एक लागून, रांगेवर रांग चढत आलेले. प्रत्येक ठोक्यात दारातला उजेड चिमूटभर साचलेला. त्याच्या वर तांबं नुसतं गुळगुळीत, ठोकून मठारायचं राहिलेलं. शेवटची रांगही पुरी झाली नव्हती. घागरीभोवती फिरत आलेली ती रांग एका जागी थांबली होती. तिथे अप्पा पाणी प्यायला उठले होते, ते पुन्हा बसले नव्हते.

त्या जागेवर तिला धूळही बसू द्यायची नव्हती. म्हणून तिने काचेची पेटी करून घेतली होती. सुताराने ती काल दुपारी दाराशी आणून ठेवली, तेव्हा शेजारच्या दुकानातून जलीलचाचा उठून आले. गल्लीतल्या भांड्यांना कल्हई लावायचं काम त्यांचं. बोटांची टोकं कायमची काळी.

"मंजूअक्का, मछल्या पाळून राहिली का?"

"नाही चाचा. अप्पांची घागर ठेवणार आहे यात."

चाचा पेटीभोवती एक चक्कर मारून आले. काचेवर बोट टेकवलं, डाग पडला, तो बाहीने पुसला.

"घागर," ते म्हणाले. "काचेत."

"हो."

"मंग पाणी कायच्यात भरायचं?"

मंजुषा हसली. चाचा हसले नाहीत. ते परत जाऊन आपल्या भात्यापाशी बसले. भट्टीत कोळसा भरलेला होता, पण पेटवलेला नव्हता.

नांदेडच्या जुन्या वस्तीतली ही तांबटांची गल्ली. सराफ्याच्या मागून नदीकडे उतरणारी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पायरीवर चढून उभं राहायचं, एवढीच रुंद. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चंद्रप्पांनी, इथे आयुष्य काढलं. शेवटच्या काही वर्षांत मात्र त्यांनी एक नवीन उद्योग आरंभला होता. दर रविवारी सकाळी ते लोकांना घेऊन घाटापासून निघत आणि जुनी वस्ती फिरवून आणत. गंधार नावाचा एक तरुण, इमारतींचं शिक्षण घेऊन आलेला, तो माणसं जमवायचा. बोलायचं काम अप्पांचं. अत्तरवाला, पिंजारी, लाखेच्या बांगड्यांचं दुकान, आणि शेवटी ही गल्ली.

गल्लीच्या तोंडाशी आले की अप्पा सगळ्यांना थांबवत.

"डोळे मिटा," ते म्हणत. "बघायला आलात ते ठीक हाय, पर ही गल्ली डोळ्यानं दिसत न्हाई."

आणि मिटल्या डोळ्यांनी उभ्या असलेल्या त्या माणसांना ते एकेक ठोका ओळखून दाखवत. हा जड, दमादमानं पडणारा, हा मलप्पा. हा घाईचा, ह्याला दुपारी लग्नाला जायचंय. हा पलीकडचा आज जोरात हाय, घरी भांडून आलेला दिसतो. मग डोळे उघडून लोक आत जात, तेव्हा पलीकडचा माणूस खरोखरच तोंड पाडून बसलेला असे आणि गल्लीभर हसू पिके.

मंजुषा लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. रजेत आली की ती या फेरीत सगळ्यात मागे चालायची. अप्पांची एकुलती मुलगी आहे हे कोणाला सांगायची नाही. बापाचं बोलणं परक्यांच्या गर्दीत उभं राहून ऐकण्यात तिला एक चोरटा अभिमान वाटे.

अप्पा लिंगैक्य झाले, जंगमस्वामी येऊन सगळे विधी उरकून गेले, हिमायतनगरहून आलेला चुलतभाऊ वीरेश परत गेला. त्यानंतर गंधारचा फोन आला होता. या रविवारची फेरी रद्द करू का, ताई?

"नको," ती म्हणाली होती. "मी नेते."

म्हटलं खरं. पण गल्ली बंद होती.

दुकानं उघडी असत. माणसं सकाळी येत, आपापल्या ऐरणीपुढे बसत, तंबाखू मळत, चहा पीत. हातोडा मात्र कोणी उचलत नव्हतं. पहिले काही दिवस तिला ते बरं वाटलं. अप्पांचा मान ठेवताहेत. पण मग तिला प्रश्न पडू लागला. लिंगायतांत सूतक पाळत नाहीत, आणि मलप्पाकाकाही लिंगायतच होते. जलीलचाचांचा तर सुतकाशी संबंधच नव्हता. मग हे काय चाललं होतं? अप्पा होते तोवर बळ होतं, आता या लोकांनी अंग टाकलं, असं तिच्या मनात येऊ लागलं आणि ते मनात येतंय याचाच तिला राग येई.

शनिवारी दुपारी मुखेडकडचे एक गृहस्थ मलप्पांच्या पायरीवर येऊन बसले. मुलीच्या लग्नाचा हंडा आणि परात सांगून ठेवलेली होती. मंजुषा समोर काच पुसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"झालं का न्हाई अजून?"

"होईल पाव्हणं. जरा थांबा."

"लगीन थांबतं का, मलप्पा?"

"गल्ली थांबलीया."

गृहस्थांनी मान वळवून अप्पांच्या दुकानाकडे पाहिलं. मंजुषाकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थोड्या वेळाने उठून गेले. जाताना तिच्या दुकानाला नमस्कार करून गेले. तिला वाटलं, अप्पांना ओळखत असतील.

ती गल्ली ओलांडून गेली.

"काका, काम का परत पाठवताय?"

"कुठं पाठवलं? घेतलंय की."

"मग करत का नाही?"

"करू की. काय घाई हाय."

"उद्या लोक येणार आहेत. मी काय दाखवू त्यांना? चहा पिणारी माणसं?"

मलप्पांनी तिच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे.

"तू हायस की," ते म्हणाले.

तिला ते लागलं. आपल्याला नुसतं बोलता येतं, असं ते सुचवताहेत असं तिला वाटलं. परत येऊन तिने फळीवरची घागर काढली, काचेच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि त्या दिवशी दुकानाची किल्ली समोरच्या खिळ्याला न लावता पर्समध्ये टाकली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तिथे थोडी उभी राहिली, आणि परत येऊन किल्ली खिळ्याला लावून गेली. मलप्पा पाठ करून बसले होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

रविवारी घाटावर बरीच माणसं जमली. गंधारचे काही विद्यार्थी, एक नवं लग्न झालेलं जोडपं, दोन शिक्षिका, आणि व्यंकटराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ. विष्णुपुरीच्या धरणावर यंत्रांच्या देखभालीत उभी हयात गेली, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. मंजुषा सुरुवातीला इतकं हळू बोलत होती की मागच्यांना ऐकू जात नव्हतं.

बांगड्यांच्या दुकानात उमाबाईंनी शेगडीवर लाख फिरवता फिरवता तिला हटकलं.

"चंद्रप्पाची पोरगी ना तू? मंग मोठ्यानं बोल की. तुझा बाप घाटावर बोलला तर हितं माझी लाख वितळायची."

लोक हसले. मंजुषाही हसली आणि तिचा आवाज मोकळा झाला. मग ती बोलत गेली. पिंजाऱ्याच्या दारात तिने कापसाबद्दल सांगितलं, गाड्यांच्या रांगा लागत तेव्हाच्या नांदेडबद्दल सांगितलं. अत्तरवाल्याने प्रत्येकाच्या मनगटावर काडी टेकवली आणि तिच्या मनगटावर मुद्दाम हिना लावला. अप्पा हाच लावायचे, एवढंच म्हणाला. ही माणसं तिची होती. या भिंती, या पायऱ्या, हे धुरकट छत तिचं होतं. कोणी परका येऊन टाचा उंच करून त्यांच्याकडे बघत होता आणि तिची मान आपोआप ताठ होत होती.

मग तांबटांची गल्ली आली. ती तोंडाशी थांबली आणि सवयीने, बापाच्या सवयीने, म्हणाली, "डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले.

कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. एक सायकल घंटी वाजवत गेली. बाकी काही नाही. मंजुषा मिटल्या डोळ्यांच्या त्या माणसांसमोर उभी होती.

"आज सुट्टी असते का यांना?" जोडप्यातल्या मुलीने डोळे न उघडता विचारलं.

"संपलं असेल आता हे काम," एक शिक्षिका हळू आवाजात म्हणाली. "सगळीकडे तसंच."

"चला आत," मंजुषा म्हणाली.

दोन्ही बाजूंना माणसं बसलेली होती. कोणी मान हलवली, कोणी नाही. अप्पांच्या दुकानात ती पहिली शिरली आणि जागच्या जागी थबकली. काचेची पेटी रिकामी होती. तळाशी पंचा नीट घडी घालून ठेवलेला. झाकणावर जलीलचाचांची चहाची बशी. आणि घागर ऐरणीवर.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लोक गेले की आज बोलायचंच, असं ठरवून ती पाहुण्यांकडे वळली. व्यंकटराव तोवर ऐरणीजवळ वाकून पाहत होते.

"बाई, वडील डावखुरे होते का तुमचे?"

"नाही. का?"

"हातोडा असा ठेवलाय म्हणून. दांडा डावीकडे. पाण्याचं भांडंही डावीकडे." त्यांनी हात मागे बांधले. कशाला स्पर्श केला नाही. "आमच्याकडे धरणावर एक फिटर होता डावखुरा. त्याची हत्यारं अशीच मांडलेली असायची. दुसऱ्याला तिथे बसताच यायचं नाही. ही मांडणी डावखुऱ्या माणसाची आहे."

मंजुषाने बसायच्या पोत्याकडे पाहिलं. तेही अप्पांच्या जागेवरून सरकवलेलं होतं. ऐरणीच्या दुसऱ्या अंगाला, भिंतीपासून कोपर मोकळं राहील एवढं. पर्स तिच्या डाव्या हातात होती. ती तिने खाली ठेवली.

शाळेत त्या हातावर पट्टी बसायची. घरी आल्यावर तोच हात धरून अप्पा तिला इथे बसवत, एखादं जुनं झाकण पुढ्यात देत आणि म्हणत, हाण. झाकणावर पडणारे तिचे ठोके उलट्या अंगाला कलायचे. समोरून मलप्पाकाका ओरडायचे, "चंद्रप्पा, तुझ्या पोरीचं तांबं वाकुल्या दावतंय बघ." दहावीपर्यंत ते चाललं. मग कॉलेज आलं, पुस्तकं आली.

आणि तिला फोन आठवला. ती औरंगाबादला हॉस्टेलवर होती, परीक्षा चालू होती, आजोबा गेले होते आणि तिला उशिरा कळवलं होतं. ती रडत होती. पलीकडून अप्पा शांतपणे सांगत होते, आज हातोडा धरला मी. गल्ली चालू झाली. आजोबांना जाऊन आठवडाही झाला नाही आणि हा माणूस कामाला लागला, म्हणून ती तेव्हा मनात कुढली होती. ती दोन वाक्यं तिने दोन वेगळ्या बातम्यांसारखी ऐकली होती.

ती दारात आली. समोर मलप्पा बसले होते. त्यांच्या पुढ्यात मुखेडच्या लग्नाचा हंडा पालथा घातलेला, मांडीवर हातोडा. त्यांच्या पलीकडे तसेच. त्यांच्याही पलीकडे तसेच. गल्लीच्या वळणापर्यंत प्रत्येक मांडीवर हातोडा होता आणि एकही माणूस तिच्याकडे पाहत नव्हता.

"काका," ती म्हणाली, "सांगायचं ना मला."

मलप्पांनी हंड्यावरची नसलेली धूळ झटकली.

"सांगायचं नसतं, अक्का. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं आपल्या मनानं बसायचं, तोवर गल्ली थांबती. दुःखातल्या माणसाला हाताला धरून बसवू न्हाई. आपण निस्तं मांडून ठेवायचं."

"वीरेश आला होता. घरातला मुलगा म्हणून तोच. त्याला नाही मांडून ठेवलं?"

"तो उजवा हाय," मलप्पा म्हणाले.

शेजारून जलीलचाचा खोकले. ते हसले असावेत.

मंजुषा आत वळली. पाहुणे भिंतीला सरकून उभे होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण बोलायची ही वेळ नाही एवढं कळलं होतं. तिने चपला काढल्या. साडीचा पदर खोचला आणि पोत्यावर बसली. घागर फिरवून ती जागा समोर आणली, जिथे रांग थांबली होती.

तिने त्या शेवटच्या ठोक्यावर बोट ठेवलं. तो इतरांसारखाच होता. घाईचा नाही, थकलेलाही नाही. पाणी पिऊन आल्यावर पुढचा मारायचाच होता, असा. त्याच्या पुढे गुळगुळीत तांब्यात तिचा चेहरा दिसत होता, बाजूला ताणलेला. इथे हातोडा पडला की अप्पांची रांग अप्पांची राहणार नव्हती. पेटीत ठेवण्यासारखं काही उरणार नव्हतं.

हातोडा तिला आठवत होता त्यापेक्षा जड लागला. दांडा मात्र हातात बरोबर बसला.

पहिला ठोका बद्द वाजला. एक विद्यार्थी दचकला. दुसरा घसरला. तिसऱ्याच्या आधी तिने खांदा सैल सोडला, कोपर मोकळं केलं, आणि भिंतीने तिला जागा दिली. तिसरा वाजला. तो घागरीच्या पोटातून निघून दाराबाहेर गेला आणि गल्लीत फिरला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग समोरून एक ठोका आला. जड, दमादमाचा. त्याच्या पलीकडून एक घाईचा. मग वळणापाशी कोणीतरी, मग त्याच्याही मागून, आणि चाचांच्या भात्याने एक लांब श्वास घेतला, कोळशाचा वास आत आला. अप्पांच्या दुकानातले खिळ्याला टांगलेले तांबे हळूच किणकिणू लागले. त्या दोघी शिक्षिकांनी कोणी न सांगता डोळे मिटून घेतले.

मंजुषाने मान वर केली नाही. तिचे ठोके अप्पांच्या ठोक्यांना लागून पुढे सरकत होते, पण उलट्या अंगाला कलत होते. घागर जो कोणी हातात घेईल त्याला ती जागा बोटांनाही कळणार होती. तिला ते लपवावंसं वाटलं नाही. बाहेरच्या गलबल्यातून मलप्पांचा आवाज आला.

"बघा, दावतंय का न्हाई वाकुल्या."

कोणीतरी मोठ्याने हसलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी तांब्यावर पडलं. तिने ते तळव्याने पुसलं आणि पुढचा ठोका तिथेच मारला.

बऱ्याच वेळाने व्यंकटराव तिच्याजवळ वाकले. आवाज चढवल्याशिवाय ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"बाई, फेरी संपली का इथे?"

"नाही," ती म्हणाली. "अजून पुढं जायचंय. पण थोडं थांबा."

तिने घागर बोटभर फिरवली.

"ही रांग पुरी होऊ द्या."